उजव्या कोपऱ्यातला खड्डा

३ नोव्हेंबर २०२४, खामगाव

ही वही माझ्या मुलीची, आरोहीची. पहिली एकेचाळीस पानं तिच्या अक्षरात आहेत. पुढची कोरी होती. माशाची नोंद ठेवायला हवी, आणि त्यासाठी नवी वही आणणं मला जमलं नाही.

मासा बोटभर आहे. रुपेरी. अंगावर तीन काळ्या वाकड्या रेघा, पाठीवर काटे, कल्ल्याच्या झाकणावरही एक काटा. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला वाळूत उरलेल्या डबक्यात तिला तो मिळाला. असे मासे मोजणं हेच तिचं काम होतं. अकरा जूनला ती स्कूटरवरून खाडीचा पूल ओलांडत होती. मागून ट्रक आला.

ऑगस्टमध्ये पायल तिचं सामान घेऊन आली. दोघी एकाच संशोधन केंद्रात काम करायच्या, एकाच खोलीत राहायच्या. शेगाव स्टेशनावर उतरली तेव्हा पायलच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात झाकणाची बादली. म्हणाली, "काका, हा तिच्या टेबलावर असायचा. नको असेल तर सांगा, मी परत नेते आणि खाडीत सोडते." मी बादली घेतली.

काचेची टाकी बैठकीत ठेवली आहे. हवेचा पंप दिवसरात्र चालतो. पायलने समुद्राच्या मिठाच्या तीन पिशव्या दिल्या होत्या. दोन संपल्या.

माझी बायको अन्नपूर्णा टाकीकडे पाहत नाही. तिचं देवघर त्याच खोलीत, टाकीच्या उजव्या बाजूला आहे. पूजेला बसते तेव्हा टाकीकडे पाठ करते.

६ नोव्हेंबर

माशाला सुका जवळा लागतो. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. बाजारात सुकटीच्या दुकानासमोर मी पुडी छत्रीच्या पिशवीत घालत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"गुरुजी? तुमी?"

देवानंद. दहावी 'ब', पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा. आता त्याचं मोबाईलचं दुकान आहे.

"माशासाठी नेतोय," मी म्हणालो.

"माशासाठी मासोळ्या?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "असू द्या गुरुजी. कोनाले सांगत नाई मी."

घरी येऊन हे अन्नपूर्णाला सांगितलं. ती हसली नाही. जवळ्याची डबी स्वयंपाकघरात नको, एवढंच म्हणाली. डबी टाकीखालच्या फळीवर ठेवली.

१४ नोव्हेंबर

वहीतलं पान सतरा. आरोही लिहिते: "ओहोटीला ही पिल्लं वाळूत खड्डा करतात आणि त्यात गोल फिरत राहतात. प्रत्येकाचा खड्डा वेगळा. दुसरं आलं की अंगावर जातात. पाणी गुडघ्याएवढं, माणसं येतात जातात, पण जागा सोडत नाहीत. भरती आली की खड्डा मोडतो. पुढच्या ओहोटीला पुन्हा करतात."

आमच्या माशाचा खड्डा डाव्या कोपऱ्यात आहे, माझ्या खुर्चीजवळ. काचेवर बोट ठेवलं की तो अंगावर येतो. संध्याकाळी पाचला मी चिमूटभर जवळा टाकतो. तो पाण्याच्या वर उसळून घेतो.

तीस वर्षं मी मराठी शिकवलं. घरातल्या कोणत्याही माणसाची दिनचर्या मी इतकी पाहिली नव्हती. आरोहीचीसुद्धा नाही.

२१ नोव्हेंबर

शेजारच्या सिंधूताई वाटी मागायला आल्या होत्या. मी आत होतो, पण ऐकू आलं.

"काऊन वं अन्नपूर्णा, सरांनी मासा पाळला म्हने? का पोसून राह्यले खायाले?"

"पोसू द्या," अन्नपूर्णा म्हणाली. "त्याच्या पाठीवर अकरा-बारा काटे हायेत. खानाऱ्याच्याच नरड्यात बसन."

सिंधूताई वाटी घेऊन निघाल्या. अन्नपूर्णाला हा विषयच नको असतो, म्हणून ती असं तोडून टाकते.

२६ नोव्हेंबर

काल आणि आज माशाने संध्याकाळचा जवळा अर्धा ठेवला. थंडीमुळे असेल.

कापसाच्या जिनिंग सुरू झाल्यात. हवेत रुई उडते. टाकीच्या पाण्यावर तिचा पातळ थर बसतो. रोज चहाच्या गाळणीने काढतो.

२ डिसेंबर

मासा आपला खड्डा सोडून गेला. आता उजव्या कोपऱ्यात नवा केला आहे, देवघराच्या बाजूला. मी खुर्चीवर बसलो तरी इकडे येत नाही. सकाळी खिडकीतून डाव्या बाजूला ऊन येतं, ते त्याला सोसत नसावं. पडदा लावला. तरी आला नाही.

११ डिसेंबर

सहा महिने झाले.

अन्नपूर्णा नेहमीसारखी उठली. पूजा केली, भाजी निवडली, दुपारी पडली. दिवसभरात तिने आरोहीचं नाव घेतलं नाही. मला तिचा राग आला. तो इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे ठेवायला जागा नाही.

मी तरी काय केलं? दहाला वाचनालयात गेलो, साडेअकरापर्यंत वर्तमानपत्रं वाचली. काय वाचलं ते आठवत नाही. निवृत्तीनंतरची सवय. त्या दीड तासात घर तिचं असतं आणि ते तिलाही बरं वाटत असावं.

१९ डिसेंबर

जवळ्याची डबी लवकर रिकामी होते आहे. मासा तर कमी खातो. मुंग्या नेत असाव्यात. झाकण घट्ट लावायला हवं. फळीभोवती हळद टाकली.

आज पुन्हा त्याने संध्याकाळी काहीच घेतलं नाही. जवळा तळाला गेला. तो आपल्या खड्ड्यात फिरत राहिला.

२८ डिसेंबर

पायलचा फोन आला. केंद्रातलं काम मार्चपर्यंतच आहे. समुद्राचं मीठ आता मिळणार नाही, तिच्याकडे एक पिशवी उरली आहे.

"काका, वीस जानेवारीला मी अकोल्याला येतेय, मामेबहिणीचं लग्न आहे. मीठ आणू का? की त्यालाच घेऊन जाऊ? आरोहीने जिथून उचलला तिथेच सोडीन. मला ती जागा माहीत आहे."

मी म्हणालो, कळवतो.

तिचं बरोबर आहे. तो मासा तिथला आहे. पण तो गेला की या घरात आरोहीच्या हातचं जिवंत असं काही राहत नाही. हे दुःख आहे, की माझ्याकडे काहीतरी आहे याचा अभिमान? वर्गात असतो तर या दोन शब्दांतला फरक फळ्यावर लिहून दिला असता.

अन्नपूर्णाला सांगितलं नाही. ती म्हणेल, जाऊ द्या एकदाचा.

३ जानेवारी २०२५

तीन दिवस संध्याकाळी काही नाही. मी चिमूट टाकतो आणि तो फिरकतही नाही. तो आजारी आहे. अशा स्थितीत त्याला बादलीत घालून एवढ्या लांब पाठवणं म्हणजे मारणंच.

मिठाची शेवटची पिशवी मी पुरवून वापरतो आहे. पाणी नीट बदललेलं नाही. दोष पाण्याचाच असणार.

४ जानेवारी

सकाळी दात घासताना सुचलं. अन्नपूर्णाचं माहेर पूर्णेच्या काठी, खारपाण पट्ट्यात. त्यांच्या विहिरीचं पाणी इतकं खारट आहे की पहिल्या दिवाळसणाला मला चहा पिववला नव्हता. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आणि वहीतच आहे, पान तेवीस: "हे मासे समुद्रात राहतात, खाडीत राहतात, नदीत वर गोड्या पाण्यापर्यंतही जातात. सोसणारी जात आहे."

समुद्र इथून लांब आहे. पण खारं पाणी लांब नाही.

जेवताना अन्नपूर्णाला म्हणालो, "तुझ्या माहेरच्या विहिरीचं पाणी आणावं म्हणतो. टाकीसाठी."

तिने पोळी खाली ठेवली.

"कवा जाचं?" तिने विचारलं.

माहेरी जायचं म्हटलं की बायका वय विसरतात.

६ जानेवारी

शेगावपर्यंत बसने गेलो. तिथून भागवत, माझा मेव्हणा, त्याची मालाची रिक्षा घेऊन आला. चार कॅन बरोबर होते.

विहीर मळ्यात आहे. आता गावात नळ आला, विहिरीचं पाणी गुरंसुद्धा नको म्हणतात. कठड्याच्या दगडांवर पांढरी खार चढली होती. भागवत हसत होता.

"भाऊजी, तीस वर्सं आमच्या पान्याले नावं ठेवली तुमी. आन आता कॅन घेऊन आले."

"मासा आहे घरी."

"मले माईत हाय. अक्कानं सांगतलं फोनवर. वाकड्या रेघा हायेत ना त्याले? आन संध्याकाळी गुरुजीसंग रुसून बसते म्हने?" मग त्याने पायाने जमीन दाबून दाखवली. "आमचे आजोबा सांगत, या मातीखाली जुना समिंदर हाय म्हनून. तुमचा मासा घरीच आला समजा."

अन्नपूर्णाने पदर खोचला आणि रहाट स्वतः ओढला. भागवत पुढे झाला तर "सरक बे तिकडं" म्हणाली. पहिल्या बादलीतलं पाणी तिने ओंजळीत घेतलं, चाखलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

"हेच हाय," ती म्हणाली. "आरोही ल्हान होती तवा या विहिरीत पोवाले उतरे. केसं नुसते काड्यावानी होत. तेल लावू लावू थको मी."

सात महिन्यांत पहिल्यांदा तिने नाव घेतलं. भागवतने मान फिरवली. मी कॅनचं झाकण लावत राहिलो.

परतीच्या बसमध्ये तीन कॅन सीटखाली ठेवले, चौथा तिने मांडीवर घेतला. मी म्हणालो, जड होईल. ती म्हणाली, "होऊ द्या." जलंबच्या पुढे आल्यावर तिने विचारलं, "थंड लागन का त्याले हे पानी?"

मी म्हणालो, रात्रभर घरात ठेवू, मग घालू. ती बराच वेळ कॅनवर हात ठेवून बसली होती.

७ जानेवारी

पाणी बदललं. आरोहीच्या सामानात खारेपणा मोजायची काचेची तरंगती नळी आहे. विहिरीच्या पाण्यात ती वहीतल्या खुणेपेक्षा खोल बुडाली. मी खडेमीठ विरघळवलं, मूठ मूठ करत. नळी वर आली, खुणेवर थांबली. मला परीक्षेत बरोबर उत्तर आल्यासारखं वाटलं.

मासा जाळीत धरला तेव्हा त्याने आवाज केला. कुर्र, कुर्र. वहीत लिहिलं होतं की हे मासे आवाज करतात, पण मी ऐकला नव्हता.

अन्नपूर्णा दारात होती. "बोलला थो!" ती म्हणाली आणि हसली. तोंडावर हात ठेवून हसली, जशी आरोही पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली तेव्हा हसली होती.

८ जानेवारी

मासा चपळ आहे. आख्ख्या टाकीत फिरतो. खड्डा मोडला होता, उजव्या कोपऱ्यात पुन्हा केला. संध्याकाळी चार कण खाल्ले. दुपारी पायलला फोन करून सांगितलं, मीठ नको, न्यायलाही नको, इथे व्यवस्था झाली आहे. कसली, ते तिने विचारलं नाही; तिच्यामागे गडबड ऐकू येत होती.

९ जानेवारी

खड्ड्यात बसून आहे. कल्ले जोरात हलतात.

अन्नपूर्णा आज पूजेला तोंड टाकीकडे करून बसली. देव्हारा बाजूला राहिला.

१० जानेवारी

सकाळी सातला पाहिलं. उजव्या कोपऱ्यात, आडवा. काटे उभे.

हाताने उचलला तर पाठीचा काटा बोटात मोडला. अन्नपूर्णाने मला उजेडात बसवलं, सुई गॅसवर तापवली आणि काटा काढला. बराच वेळ लागला. तिचं डोकं माझ्या हातावर वाकलं होतं. तिच्या बोटांना जवळ्याचा वास येत होता. माझ्याच हाताचा लागला असेल.

"कुठं ठेवता?" तिने विचारलं.

मी म्हणालो, मागच्या अंगणात कुठेतरी.

"कुठंतरी नाई. तुळशीच्या बुडाशी ठेवा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती बोटाला हळद लावत होती.

१२ जानेवारी

पायलला कळवलं. विहिरीचं पाणी, नळी, सगळं सांगितलं.

"काका, मला विचारायचं होतंत ना. विहिरीचं खारं आणि समुद्राचं खारं वेगळं असतं. नळीला दोन्ही सारखंच दिसतं. माशाला नाही. आणि सगळं पाणी एकदम बदललंत?"

"तो आजारीच होता. महिनाभर खात नव्हता."

"पोट आत गेलं होतं का त्याचं?"

"नाही. पोट चांगलं गोल होतं."

"मग तो खात होता, काका. उपाशी माशाचं पोट खपाटीला जातं, डोकं मोठं दिसायला लागतं. तो आजारी नव्हता. खाऊन झालेलं असेल त्याचं."

मी म्हणालो, मी संध्याकाळी पाचशिवाय देतच नव्हतो. ती म्हणाली, असू दे काका, आता काय. मग ती रडायला लागली. माशासाठी नव्हे.

मी फोन धरून बसलो होतो. अन्नपूर्णाने आतून विचारलं, कोणाचा फोन. मी म्हणालो, पायलचा, लग्नाचं सांगत होती.

१४ जानेवारी

संक्रांत. कोणी आलं नाही. कोणी यावं असं वाटलंही नाही.

पान एकेचाळीस, तिचं शेवटचं, आज पुन्हा वाचलं. दहा जूनची नोंद आहे. "टेबलावरच्याला आता माझा हात ओळखू येतो. ज्याच्या हातून खातो त्याच्या बाजूला खड्डा करतो, असं दिसतं. खात्री नाही. बघायला हवं."

मी हे पान निदान दहा वेळा वाचलं असेल.

१७ जानेवारी

आज वाचनालयात पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा घरी राहिला. परत फिरलो. पावणेअकरा वाजले असतील. बैठकीचं दार अर्धं उघडं होतं.

अन्नपूर्णा टाकीजवळ उभी होती. टाकीत विहिरीचं पाणी तसंच आहे, पंपही मी बंद केलेला नाही. तिने फळीवरून डबी घेतली. झाकण उघडायला तिला वेळ लागला. मीच ते घट्ट लावतो. चिमूट घेतली आणि उजव्या कोपऱ्यात सोडली. मग नखाने काचेवर दोनदा वाजवलं. थांबली.

जवळा हळूहळू खाली गेला आणि वाळूतल्या खड्ड्यात बसला.

"खाय ना वं माय," ती म्हणाली.

माशाला मी सबंध काळ 'तो' म्हणत आलो.

मी पायरीवरून मागे फिरलो. चपलांचा आवाज होऊ दिला नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकावर साडेअकरापर्यंत बसलो आणि रोजच्या वेळेला घरी आलो. ती स्वयंपाकघरात होती. हात धुतलेले होते.

"चश्मा विसरले ना तुमी?" ती म्हणाली. "मंग वाचलं काय?"

"मोठी अक्षरं वाचली," मी म्हणालो.

पायल काय म्हणाली ते हिला कधी कळता कामा नये. तो उपाशी नव्हता, आजारी नव्हता, रोज सकाळी पोटभर जेवत होता, हे तिला सांगितलं तर ती मला विचारील की मग पाणी का बदललं. आणि मी काहीही उत्तर दिलं तरी ती खरं उत्तर स्वतः काढील: तो संध्याकाळी खात नव्हता म्हणून.

तिने मला सांगितलं नाही. मी तिला विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच खोलीत होतो.

संध्याकाळी डबी उघडून पाहिली. तळाला आली आहे. उद्या बाजारातून जवळा आणायचा. देवानंद भेटला तर भेटला. पण डबी भरायची नाही. आज होती त्यापेक्षा बोटभरच वर. जास्त भरली तर तिच्या लक्षात येईल.